मोठ्या सिस्टरचं नाक

मोठ्या सिस्टर गावात शिरल्या की आधी कुणाचं दार वाजवत नसत. गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहायच्या, लसीचा निळा डबा या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायच्या आणि नाक वर करून दोन-तीन लांब श्वास घ्यायच्या. वेळ सकाळी साडेदहाची, घरोघरी कालवणाला फोडणी पडायची. मग हात न उचलता, नुसत्या हनुवटीनं सांगायच्या, "डाव्या अंगाचं चौथं घर. चूल पेटलीय, फोडणी न्हाई. चल." आणि त्या चौथ्या घरात, आतल्या खोलीत, गोधडीखाली अंगभर पुरळ उठलेलं एखादं लेकरू हमखास सापडायचं.

यात जादू काही नव्हती. गोवर आला म्हणजे घरात आई आली, असं आमच्या भागात मानतात. आई पाहुणी म्हणून घरात असेपर्यंत तेल कडकडवायचं नाही, मोहरी तडतडवायची नाही, डोक्याला तेल लावायचं नाही, परक्या माणसाला आत घ्यायचं नाही. दाराला कडुनिंबाचा डहाळा लागतो. पण सिस्टर फिरायला लागल्यापासून लोक हुशार झाले होते. डहाळा दाराऐवजी आत माजघरात लावायचे आणि "लेकरू मामाच्या गावाला गेलंय" असं सांगून मोकळे व्हायचे. डहाळा लपवता येतो, लेकरू लपवता येतं, पण न दिलेल्या फोडणीचा वास कुठून आणणार? आईला फसवायची कुणाची छाती नव्हती, त्यामुळं फोडणी मात्र खरोखरच बंद असायची. सिस्टरांनी हे हेरलं होतं. तीस वर्षांच्या नोकरीत हे त्यांना कुणी कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं.

मी पाथरीची. कंत्राटी आरोग्य सेविका म्हणून राणीसावरगावाच्या पुढच्या एका उपकेंद्रात रुजू झाले, तेव्हा एसटी, मग जीप, मग एका दुधवाल्याची मोटरसायकल अशी वरात काढत पोहोचले होते. गावानं पहिल्याच आठवड्यात आमचं बारसं उरकलं. त्या मोठ्या शिस्टर, मी लहान शिस्टर. आमच्या दोघींचं वजन बघितलं तरी नावं बरोबरच होती. मी पहिल्या दिवशी उत्साहानं रजिस्टर उघडून बसले, तर त्यांनी ते माझ्या हातातून काढून मिटलं. "रजिस्टरात जी लेकरं हायत ती कुटं पळून जात न्हाईत. जी न्हाईत ती हुडकायची. उठ."

त्यांच्या नाकाला दुसराही उद्योग होता. रस्त्यानं चालता चालता त्या स्वयंपाकघरांवर शेरे मारायच्या. "हिच्याकडं करडईचं तेल ताजं आलंय." "इथं येसराची आमटी हाय, पाहुणे यायलेत वाटतं." "नवी सून दिसती, लसूण करपवला." बायका चिडायच्या नाहीत. उलट भिंतीवरून डोकं काढून विचारायच्या, "शिस्टर, आज कसं जमलंय?" सिस्टरांचा निकाल रस्त्यावरूनच लागायचा, आणि तो लागला की दिवसभर त्या आमटीकडं घरात वेगळ्या नजरेनं बघायचे. मला वाटतं, अर्ध्या बायका लसीच्या दिवशी लेकरं घेऊन यायच्या ते या निकालासाठीच.

आता नाक म्हटलं की चुकायचंच. एका श्रावणात दोन सुट्ट्या लागून आल्या आणि सिस्टरांच्या डोक्यात वारांचा गोंधळ झाला. महादेवाला मानणाऱ्या घरांची एक लांबलचक गल्ली आहे, तिच्या तोंडाशी आम्ही उभ्या राहिलो. त्यांनी श्वास घेतला, परत घेतला. चेहरा पांढराफटक. "पोरी, आगं अख्खी गल्ली गेली!" असं म्हणत त्या पहिल्या घरात घुसल्या. ओसरीवर म्हातारी जप करत बसली होती. तिनं एक डोळा उघडला. "शिस्टर, सोमवार हाय आज. समद्यांचा उपास हाय." मला हसू आवरेना. सिस्टर माझ्याशी दुपारपर्यंत बोलल्या नाहीत.

दुसऱ्यांदा त्या अशाच एका घरात शिरल्या आणि दरडावून म्हणाल्या, "लेकरू कुटं हाय?" आत एक विशीतली पोरगी गुडघ्यात डोकं घालून बसली होती. ती म्हणाली, "चार म्हैने झाले लग्नाला, लेकरू कुटून आणू?" नवऱ्याशी भांडण झालं होतं आणि तिनं रागानं वरणात नुसतं मीठ टाकून ठेवलं होतं. दुसरी कुणी असती तर कसनुसं हसून बाहेर पडली असती. सिस्टरांनी पदर खोचला, स्वतःच्या हातानं त्या वरणाला लसणाची फोडणी दिली, नवऱ्याला शेतातून बोलावून घेतलं आणि दोघांना समोर बसवून जेवायला लावलं. दीड-दोन वर्षांनी त्या पोरीच्या मुलाला गोवराचं पहिलं इंजेक्शन सिस्टरांनीच दिलं.

आईच्या बाबतीत मात्र त्यांनी कधी कुणाशी वाद घातला नाही. मी कॉलेजातून ताजी निघालेली, विषाणू, संसर्ग, अंधश्रद्धा सगळं जिभेच्या टोकावर. एका घरात उंबऱ्यावरूनच भाषण सुरू केलं, तर सिस्टर माझ्या पायाकडं बघत म्हणाल्या, "आधी चप्पल काढ, मग विषाणू काढ." त्या स्वतः अनवाणी आत जायच्या, लेकराच्या उशाशी बसायच्या, हात जोडायच्या आणि घरच्या म्हातारीला म्हणायच्या, "आई आलीय तर असू द्या. तिला काढून द्यायला मी आले न्हाई. मी लेकराची छाती बघायला आले. डोळ्यांसाठी व्हिटॅमिनचे थेंब देते, तेवढे पाजू द्या." मग हळूच, "ह्याच्या धाकट्याला दुसरा डोस झालाय का?" म्हातारीला वाटायचं, बाई आपल्यातलीच आहे. ती होतीच.

मग करोना आला. त्या दिवसांचं फार सांगत नाही, सगळ्यांनीच भोगलंय. सिस्टरांना झाला, पंधरा दिवस परभणीत दवाखान्यात राहिल्या, वजन कमी होऊन परत आल्या. गावानं त्यांना ओवाळून आत घेतलं. पुढं काही गोष्टी मला खटकायला लागल्या, पण एकातही मी डोकं चालवलं नाही. एकदा त्यांनी मला चहा दिला, दूध सरळ सरळ नासलेलं. मी पहिल्याच घोटाला तोंड वाकडं केलं. त्या मात्र निवांत बशीत ओतून पीत होत्या. मी मनात म्हटलं, काय सोसणारी पिढी आहे! एकदा उपकेंद्रात स्टोव्हवर भात करपून धूर झाला, तरी शेजारी बसून त्या अहवाल लिहीत होत्या. मला वाटलं, कामात बुडाल्यात. गल्लीच्या तोंडाशी उभं राहणं, नाक वर करणं, शेरे मारणं, सगळं चालूच होतं. फक्त शेरे जरा गोड झाले होते. सगळ्यांचीच आमटी आता मस्त व्हायला लागली होती.

आणि त्याच सुमारास गोवराची साथ आली. करोनात लसीचे दिवस चुकलेले, कितीतरी लेकरं राहून गेलेली. शेजारच्या गावात पाच-सहा लेकरं निघाली, तसा वरून आदेश आला: घर अन् घर बघा, आणि साथ आहे तोवर सहा महिन्यांच्या पुढच्या बाळांनाही एक जादा डोस द्या. आमच्या गावाच्या माळाकडच्या अंगाला मेंढरं पाळणाऱ्यांची वस्ती आहे, वीस-बावीस घरांची. संक्रांत झाली होती आणि दोन दिवसांत ती माणसं कळप घेऊन गोदाकाठाकडं निघणार होती. एकदा निघाली की पावसाळ्यापर्यंत गाठ नाही. म्हणून डबा घेऊन आम्ही दोघी सकाळीच तिकडं गेलो.

शेवटचं घर बायनाबाईंचं. वस्तीतली वडीलधारी बाई, शब्दाला वजन असलेली. दारात पोत्याचा पडदा, चुलीचा धूर बाहेर येत होता. बायनाबाई दारातच आडव्या बसल्या होत्या. म्हणाल्या, "नातू बापासंगं रानात गेलाय. सून लेकरू घिऊन म्हायेरी, देवगाव फाट्याकडं. घरात कुणी न्हाई." सिस्टरांनी सवयीनं नाक वर केलं, श्वास घेतला आणि मान डोलावली. "काही न्हाई इथं. फोडणी झकास बसलीय, बायनाबाई. चल गं."

फोडणी नव्हती.

माझं नाक काही त्यांच्यासारखं तरबेज नाही, पण धुराशिवाय तिथं कसलाही वास नव्हता हे मला चांगलं कळलं होतं. आणि तरी मी गप्प बसले. मोठ्या सिस्टर म्हणाल्या म्हणजे तसंच असणार, हे माझ्या अंगात इतकं मुरलं होतं की मी स्वतःच्या नाकावर शंका घेतली. आम्ही वस्तीबाहेर चालायला लागलो. त्या पुढं, मी मागं. कडेच्या बाभळीपाशी आलो आणि माझे पाय अडले. मी म्हटलं, "सिस्टर, तिथं फोडणीचा वास नव्हता."

त्या थांबल्या. वळल्या नाहीत. डबा खाली ठेवला आणि त्याच्याच शेजारी धुळीत बसल्या. मग म्हणाल्या, "सव्वा वर्ष झालं पोरी. काहीच येत न्हाई. मोहरीचा न्हाई, फिनेलचा न्हाई, रॉकेलचा न्हाई. नातवाची टाळू हुंगली, तिचा बी न्हाई." हे शेवटचं बोलताना त्यांचा आवाज चिरकला. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. नासका चहा, करपलेला भात, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं आणि स्वतःच्या बावळटपणाची लाज वाटली. मी विचारलं, "मग सांगितलं का नाही?" त्या म्हणाल्या, "काय सांगू? नाकावरच तर नाव हाय माजं."

मिनिटभरानं त्यांनी डोळे पुसले, उठल्या, डबा खांद्यावर टाकला आणि आम्ही परत फिरलो. नाक मुठीत धरून परत जाणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी बघितलं.

बायनाबाई तशाच दारात. आम्हाला बघून त्यांनी पाय आणखी पसरले. "आता काऊन आलाव? तुमीच म्हणालाव, काई न्हाई म्हणून. तुमच्या नाकानं सांगितलं. आता नाकापुढं तुमी जाताव का?" आवाज ऐकून आजूबाजूच्या घरांतून बायका बाहेर आल्या. सिस्टरांना काहीतरी कारण काढता आलं असतं. एखादा कागद राहिला, सही राहिली, काहीही. त्यांनी काढलं नाही. साऱ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बायनाबाई, माजं नाक मेलंय. करोनात गेलं ते परत आलं न्हाई. मघाशी तुमच्या दारात मी खोटं बोलले. मला कसलाच वास आला नव्हता."

मग कुडापलीकडून एका बाईचा आवाज आला, "आगं बया! मंग परवा माजी आमटी लय भारी झालीय म्हणून गेल्या, ते?"

"अंदाजानं," सिस्टर म्हणाल्या.

"तरीच म्हणलं," ती म्हणाली, "त्यात मीठच न्हवतं!"

आधी एक हसली, मग दुसरी, मग सगळ्याच. सिस्टरही हसल्या. बायनाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पाय आखडून घेतले आणि पोत्याचा पडदा बाजूला केला. "या. एक खोटं तुमचं झालं, एक माजं बी हाय."

आत चार वर्षांचा शंकर पडला होता, तोंडावर, छातीवर लालभडक पुरळ, डोळे चिकटलेले, श्वास भरभर. आणि कोपऱ्यात झोळीत आठ महिन्यांची त्याची बहीण. सून माहेरी गेली होती हे खरं होतं, पण तेरवा दुपारीच लेकराला घेऊन परत आली होती. सिस्टरांनी बोटांवर दिवस मोजले. गोवराच्या लेकराजवळ आल्यापासून तीन दिवसांच्या आत टोचलं तर उपयोग होतो, त्यानंतर फारसा नाही. म्हणजे आजचाच दिवस होता. आम्ही त्या बाभळीवरून तशाच पुढं गेलो असतो, तर पुढची भेट पावसाळ्यात होती.

बायनाबाई कचरल्या. "घरात आई असताना सुई कशी लावावी? ती कोपंल." सिस्टर झोळीजवळ मांडी घालून बसल्या. म्हणाल्या, "आई शंकरकडं आलीय, तिचा मान ठेवलाय तुमी. फोडणी दिली न्हाई, चप्पल आत आणली न्हाई. आता ह्या पोरीचं माझ्यावर सोडा. कोपली तर माझ्यावर कोपंल. मी तिला नाव-पत्ता सांगून ठेवते." सुनेनं सासूकडं बघितलं नाही. ती उठली, पोरीला झोळीतून काढलं आणि माझ्या पुढ्यात धरलं. एका लेकरासाठी अख्खी बाटली उघडावी लागली. सिस्टर म्हणाल्या, "तू टोच. मी पाय धरते."

शंकरला थेंब पाजले आणि जीप बोलावून गंगाखेडच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. छातीत न्यूमोनिया उतरत होता, आठवड्यानं तो बरा होऊन आला. पण पोरीचं काय, हे कळायला दोन आठवडे लागणार होते. बायनाबाईंनी कळप पुढं काढून दिला आणि स्वतः सून-नातवंडांसह मागं थांबल्या. सिस्टर रोज सकाळी माळावर जायच्या. पोरीचं पोट, पाठ, कानामागं बघायच्या आणि परत यायच्या. त्या दिवसांत मला घास गोड लागत नव्हता. पंधराव्या दिवशी माळावरून येताना दुरूनच त्यांनी डबा डोक्यावर धरून हलवला. पोरीच्या अंगावर एक फुटकुळीसुद्धा उठली नव्हती. मी उपकेंद्राच्या पायरीवर बसून मनसोक्त रडले.

नाक गेल्याची बातमी गावभर झाली. मला वाटलं होतं, आता लोक आणखी लपवतील. पकडणारं नाकच उरलं नाही म्हटल्यावर भीती कुणाची? झालं उलटंच. एका सकाळी महादेवाच्या गल्लीतली ती जप करणारी म्हातारी काठी टेकत उपकेंद्रात आली. म्हणाली, "पणतीला ताप हाय, अंगावर लाल उठायलंय. तुमास्नी वास यायचा न्हाई म्हणून सांगाया आले." सिस्टर तिच्याकडं बघतच राहिल्या. ती म्हणाली, "आसं काय बघता? तुमचं नाक गेलं तर गेलं, आमचं त्वांड हाय की." मग अशा कितीतरी बायका आल्या. कुणी निरोप धाडला, कुणी फोन केला. तीस वर्षं सिस्टर जे हुडकत होत्या, ते आता आपल्या पायांनी दारात यायला लागलं.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोपाला शाल, नारळ, शिरा सगळं झालं. त्यांचं भाषण दोन वाक्यांचं झालं, त्यातलं एक वाक्य शिऱ्याबद्दल होतं. मग मी त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेले. बसला वेळ होता. तेव्हा मी मनातलं बोलले. म्हटलं, "सिस्टर, एक सांगायचंय. त्या दिवशी बायनाबाईंच्या दारातच मला कळलं होतं. तरी बाभळीपर्यंत मी गप्प चालले. ते मला अजून खातं."

त्या रस्त्याकडं बघत म्हणाल्या, "तुला कळलंय हे मला कळलं होतं. तुझ्या पावलांवरनं. मी पुढं चालत होते अन् मनात म्हणत होते, आता बोलंल, आता बोलंल." त्या म्हणाल्या, "तू बोलली नसतीस तर मी मागं फिरले असते का, हे मला आज बी सांगता येत न्हाई. ते तुला एकटीला सांगते."

बस आली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि चढल्या. खिडकीतून हात हलवला तोही भरभर, जणू मलाच उशीर होतोय.

आता मोठी सिस्टर मी आहे. गेल्या महिन्यात नवी पोरगी रुजू झाली, जिंतूरकडची, हुशार आहे, पण माझ्यापुढं मान वर करत नाही. पहिल्या दिवशी गावात निघताना मी तिच्या हातातलं रजिस्टर मिटलं आणि म्हटलं, "माझं चुकतंय असं वाटलं की तिथंच बोलायचं. दारातच. बाभळीपर्यंत थांबायचं नाही." तिनं विचारलं, "कुठली बाभळ, सिस्टर?" मी म्हटलं, "चल, दाखवते."